नोकरी शोधण्याआधी काम बघून या: गोव्यातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

शेवटच्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच तासाला मी वर्गात कोरे कागद वाटते. प्रश्न एकच असतो: पदवीनंतर काय करायचं ठरवलं आहे? परत आलेल्या कागदांवर ठरलेली तीन उत्तरं असतात. सरकारी नोकरी, बँक, आणि 'कसलीही चालेल'. या तिसऱ्या उत्तराची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ते लिहिणारी मुलं आळशी अजिबात नसतात. त्यांनी शिक्षक, तलाठी, दुकानदार आणि ट्रकवाले सोडले तर दुसरं कुठलंही काम जवळून पाहिलेलं नसतं, एवढंच.

सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा इथल्या घरांत खाजगी नोकरीबद्दल धास्ती का आहे, हे मला कळतं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिलेले या मुलांनी लहानपणी पाहिले आहेत. "पगार कमी असला तरी चालेल, पण सरकारी बघ," असं आई सांगते तेव्हा त्यामागे हा अनुभव असतो. तो मान्य करूनच मी पुढचं सांगते आहे. हे सगळं पाचव्या सत्राच्या सुरुवातीला हातात घ्या. निकाल लागल्यावर सुरू केलंत तर वर्ष वाया जातं.

पहिली पायरी: तीन माणसांना भेटा

नोकरीच्या जाहिराती बघायच्या आधी, तुमच्या विषयाची पदवी घेऊन प्रत्यक्ष काम करणाऱ्या तीन माणसांना भेटा. नोकरीला लागून एक ते तीन वर्षं झालेली माणसं सगळ्यात उपयोगी. वीस वर्षं काढलेल्या साहेबांना सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत, आणि त्यांच्या वेळची भरतीची पद्धतही आता राहिलेली नाही.

ही माणसं सापडतात कुठे? तुमच्या विभागाकडे माजी विद्यार्थ्यांची यादी असते, ती मागून घ्या. सकाळी फोंडा, साखळी किंवा म्हापशाच्या स्टँडजवळ कंपन्यांच्या बसची वाट बघत थांबलेली मंडळी तर तुम्ही रोजच बघता. वेर्ण्याच्या पठारावर औषधांच्या आणि इंजिनिअरिंगच्या कंपन्या आहेत. कुंडई, बेतोडा, मडकई, पिळर्ण, थिवी, होंडा, तुये इथेही औद्योगिक वसाहती आहेत. वास्कोत गोवा शिपयार्ड १९५७ पासून आहे, शेजारी मुरगाव बंदर आहे. पेडण्यातल्या मुलांसाठी मोपाचा विमानतळ आला, तिथून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानं उडायला लागली. किनाऱ्यावरची हॉटेलं, चार्टर्ड अकाउंटंटची ऑफिसं, पतसंस्था, इस्पितळं, पणजी-पर्वरीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या हेही आहेच. तुमच्या गावातलं किंवा नात्यातलं कोणी ना कोणी यातल्या एखाद्या ठिकाणी नक्की असतं.

भेटलात की नोकरी मागू नका. नोकरी मागितली की समोरच्याला ओशाळल्यासारखं होतं, तो "बघूया, सांगतो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. माहिती मागितली तर तोच माणूस अर्धा तास बोलतो. मेसेज साधा लिहा: "दादा, मी अमुक कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचं काम कसं असतं ते समजून घ्यायचं आहे. रविवारी पंधरा मिनिटं बोलता येईल का?" एवढं पुरे.

प्रश्न मात्र नेमके विचारा. "काम कसं आहे?" असं विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी "काल कामावर गेल्यापासून सुटेपर्यंत काय काय केलंत?" असं विचारा. कालचा दिवस सांगताना माणूस खरं सांगतो. मग विचारा, कॉलेजात शिकलेलं काय उपयोगी पडलं, काय नव्याने शिकावं लागलं, रात्रपाळी किती, सोबत लागलेल्यांपैकी कोण सोडून गेले आणि का.

एक उदाहरण सांगते. सत्तरीतली एक विद्यार्थिनी रसायनशास्त्र घेऊन शिकत होती. औषधाच्या कंपनीत क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात, दिवसभर प्रयोग करायचे असतात अशी तिची समजूत होती. वर्षभर आधी तिथे लागलेल्या एका ताईने तिला कालचा दिवस सांगितला. नमुने तपासण्यात गेला त्याहून जास्त वेळ नोंदी लिहिण्यात गेला होता. लिहिताना चूक झाली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पेन्सिल तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा लिहायचा, सही आणि तारीख घालायची, कारण लिहायचं. औषध तयार झाल्यावर तपासायला आलेल्या माणसाला कोणी, कधी, काय बदललं हे दिसलं पाहिजे.

ती परत आली आणि त्या दिवसापासून कॉलेजचं जर्नल तसंच लिहू लागली. चार महिन्यांनी मुलाखतीत तिला विचारलं, "रीडिंग चुकलं तर काय कराल?" तिने पिशवीतून जर्नल काढून समोर ठेवलं. तांत्रिक प्रश्नांपैकी दोन तिला आले नव्हते, तरीही तिला घेतलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. बाकीच्यांनी ते काम ऐकलेलंही नव्हतं, तिला ते समजलेलं होतं.

आणि दुसरं उदाहरण उलटं. एक विद्यार्थी हॉटेलात काम करणाऱ्या तिघांना भेटला आणि म्हणाला, "मॅडम, सणाच्या दिवशी आणि रविवारी घरी नसणं मला जमायचं नाही." हेही तितकंच कामाचं उत्तर. नोकरीला लागून दोन महिन्यांनी कळण्यापेक्षा आधी कळलं.

दुसरी पायरी: कागद आजच गोळा करा

कागदपत्रांमुळे हातची संधी गेलेली मुलं मी दर वर्षी बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी नाव तपासा. जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि पदवीची गुणपत्रिका हे पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर अन् अक्षर जुळवा. आपल्याकडे ही भानगड जास्त आहे. जुन्या पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं आडनाव वडिलांच्या कागदावर एका स्पेलिंगने असतं, शाळेत मास्तरांनी दुसऱ्याच स्पेलिंगने घातलेलं असतं. कुठे गावकर, कुठे गांवकर, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नाहीच. नाव आणि आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची प्रक्रिया वेळ घेते. म्हणून फरक दिसला तर त्याच आठवड्यात चौकशी सुरू करा. किरकोळ फरकासाठी प्रतिज्ञापत्र चालतं का, हे ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे त्यांनाच विचारा.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांसाठी गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. रोजगार विनिमय केंद्रातली नोंदणीही मागतात. ती करून ठेवा आणि मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयरचा (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा) दाखला ताजा लागतो, आणि केंद्राच्या नोकरीसाठी त्याचा नमुना वेगळा असतो. राज्याचा दाखला केंद्राच्या अर्जाला जोडून बाद झालेले अर्ज मी पाहिले आहेत.

गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागदपत्र-कपाटात, आणा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. बँक खातं स्वतःच्या नावावर, आधारशी जोडलेलं असू द्या. ईमेलचा पत्ताही नावाचाच असू द्या, आठवीत गंमत म्हणून उघडलेला नको.

तिसरी पायरी: बायोडेटा एका पानाचा

सायबर कॅफेतला तयार नमुना घेऊ नका. त्यात "मी मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा आहे" अशी वाक्यं असतात आणि ढिगातल्या प्रत्येक बायोडेटात तीच असतात. धर्म, वडिलांचा व्यवसाय, उंची, वजन यांची गरज नाही. शेवटचं "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञावाक्यही कोणी वाचत नाही.

काय लिहायचं ते दाखवते. वाणिज्य शाखेच्या एका मुलाने लिहिलं होतं: "घरच्या दुकानात मदत केली." मी त्याला बसवून विचारत गेले. किती वर्षं? तीन. नेमकं काय करायचास? मालाचे बिल बघायचो, उधारीची वही ठेवायचो, चतुर्थीच्या आधी माल किती मागवायचा ते बाबांना सांगायचो. कसं ठरवायचास? मागच्या वर्षीची वही बघून. मग आम्ही लिहिलं: "किराणा दुकानात तीन वर्षं: खरेदीच्या बिलांची नोंद, सुमारे ६० गिऱ्हाईकांचं उधारी खातं, मागील वर्षाच्या विक्रीवरून सणाच्या मालाची मागणी ठरवणं." काम तेच, पण आता हिशोबनिसाच्या जागेसाठी माणूस घेणारा तिथे थांबून वाचेल.

तुमच्या घरीही असं काहीतरी असतंच. बागायतीत काजूच्या हंगामात मजुरांचा हिशोब ठेवला असेल, गावच्या जत्रेच्या समितीत पावत्या फाडल्या असतील, धाकट्यांची शिकवणी घेतली असेल. कामाला क्रियापद आणि आकडा जोडा. जे केलं नाही ते एक अक्षरही लिहू नका. एक्सेल येतं असं लिहिलं की समोर लॅपटॉप ठेवून व्हीलुकअप (यादीतून हवी ती माहिती शोधून आणणारं सूत्र) करायला सांगणारे लोक आहेत.

नोकरी लगेच मिळत नसेल तर शिकाऊ उमेदवारीचा रस्ता मोकळा ठेवा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांसाठी केंद्राची नॅट्स ही शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षणाची योजना आहे. गोवा या योजनेच्या मुंबईतल्या पश्चिम विभागीय मंडळाखाली येतो. साधारण वर्षभर विद्यावेतनावर काम शिकायला मिळतं आणि प्रमाणपत्र मिळतं. मुलं "ट्रेनीच ना" म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रातून सुटायचा हा सरळ दरवाजा आहे.

चौथी पायरी: सरकारी नोकरीची तयारी, पण हाताला काम ठेवून

वर्ग 'क'ची पदं गोवा कर्मचारी निवड आयोग भरतो आणि त्यासाठी संगणकावर परीक्षा घेतो. राजपत्रित पदांसाठी गोवा लोकसेवा आयोग आहे. दोघांची संकेतस्थळं आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा.

कोकणीचं काय? राज्य सरकारच्या जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं ज्ञान इष्ट असं लिहिलेलं असतं. आपल्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेले असतात. कोकणी घरात, बाजारात अस्खलित बोलतात आणि म्हणून ती येतेच असं गृहीत धरतात. लिहायला बसलं की 'म्हाका जाय'च्या जागी 'मला पाहिजे' येतं, 'आसा'च्या जागी 'आहे' येतं, अनुस्वार सुटतात. लिपी देवनागरीच असल्यामुळे सुधारणा लवकर होते. रोज एक पान कोकणी वाचा आणि पाच ओळी लिहा. बँकेच्या लिपिक पदांनाही स्थानिक भाषा लागते आणि गोव्यासाठी ती कोकणी आहे, तेव्हा हा वेळ दोन्हीकडे कामी येतो.

माझा आग्रह एवढाच की परीक्षेची वाट बघत घरी बसू नका. जाहिरात, परीक्षा, निकाल, नेमणूक यांत किती महिने जातील ते तुमच्या हातात नाही. नोकरी करत सकाळी दोन तास अभ्यास करणारी मुलं पास झालेली मी पाहिली आहेत. तीन वर्षं घरी बसून नंतर कंपनीत अर्ज करणाऱ्याला मात्र पहिला प्रश्न त्या तीन वर्षांचा येतो.

आणि पैसे. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी नोकरी देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारींवरून गोव्यात एकामागोमाग एक अटका झाल्या. दागिने गहाण टाकून पैसे दिलेली घरं होती. कोणी कितीही ओळखीचा असो, मंत्र्याचं नाव घेवो, नेमणुकीचं पत्र दाखवो, पैसे मागितले की उठून या आणि आईबाबांनाही हे आधीच सांगून ठेवा. कारण तो माणूस तुमच्याकडे येत नाही, त्यांच्याकडे जातो.

बोटीवर जाणाऱ्यांनाही हेच लागू. जहाजावरच्या नोकरीसाठी उमेदवार पाठवणाऱ्या एजंटकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. असा एजंट खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेऊ शकत नाही. आखाती देशांत जमिनीवरची नोकरी असेल तर ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा.

पाचवी पायरी: मुलाखत

वेर्ण्याला मुलाखत असेल तर फेज आणि प्लॉट क्रमांक विचारून घ्या. वसाहत मोठी आहे, बस हमरस्त्यावर सोडते आणि तिथून पुष्कळ चालावं लागतं. वाळपई किंवा काणकोणहून येणाऱ्यांनी आदल्या आठवड्यात एकदा तो रस्ता करून बघावा. कामाला लागल्यावर रोज हा प्रवास जमेल का, हेही त्याच दिवशी कळतं.

इंग्रजीची भीती सगळ्यांना असते. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, त्यामुळे वाचता येतं, लिहिता येतं, तोंड उघडत नाही. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे. स्वतःच्या प्रकल्पाबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला. पंधरा दिवस रोज. पाठ केलेलं वाक्य मधेच विसरतं, पण वीस वेळा सांगितलेली स्वतःची गोष्ट विसरत नाही. ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत उत्तर द्या. गोव्यात बरेचदा समोरचा माणूस अर्ध्यात कोकणीवर येतो, तेव्हा तुम्हीही मोकळेपणाने कोकणीत बोला.

उत्तर येत नसेल तर "मला हे माहीत नाही" म्हणा आणि त्याच्या जवळचं जे येतं ते सांगा. शेवटी "काही विचारायचं आहे?" असं म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम अपेक्षित आहे, हे विचारा.

सहावी पायरी: ऑफर लेटर वाचल्याशिवाय सही नको

"अडीच लाखांचं पॅकेज" ऐकून घरी पेढे वाटले जातात आणि पहिल्या पगाराला चेहरा पडतो. हिशोब समजून घ्या. समजा महिन्याचा एकूण पगार १८,००० रुपये आहे आणि त्यात मूळ पगार १५,०००. मूळ पगाराच्या १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये तुमच्या पीएफमध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत, जातात. एकूण पगाराच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याला. हातात येतात १६,०६५. कंपनी स्वतःचे १,८०० पीएफला घालते, ३.२५ टक्के म्हणजे ५८५ ईएसआयला, आणि ग्रॅच्युइटीपोटी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी) मूळ पगाराच्या ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ७२१ धरते. सगळं मिळून महिन्याला २१,१०६, वर्षाला २,५३,२७२. कंपनीचा तुमच्यावरचा हा एकूण खर्च, हेच ते पॅकेज. यात फसवणूक काही नाही, पण भाडं आणि खोलीचा खर्च ठरवताना १६,०६५ हाच आकडा धरा.

मग हे बघा: पत्र कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं? मुलाखत कंपनीच्या गेटच्या आत झाली तरी नेमणूक कंत्राटदाराकडे असू शकते. प्रोबेशन (कायम करण्याआधीचा पारखण्याचा काळ) किती, नोटीस पिरियड (सोडण्याआधी द्यायची मुदत) किती, बाँड (ठरावीक काळ न सोडण्याचा करार) आहे का, सोडल्यास किती रक्कम भरायची? बस कुठून सुटते, रात्रपाळीनंतर घरापर्यंत सोडतात का? मुलींनी हे शेवटचं विचारायला अजिबात संकोचू नये. मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतो असं कोणी म्हटलं तर नकार द्या, दाखवून परत आणा. पत्र समजलं नाही तर सही करायच्या आधी आमच्यापैकी कोणाही शिक्षकाकडे घेऊन या, सुट्टी असली तरी.

रुजू झाल्यावर पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा खातेक्रमांक) मागून घ्या आणि पासबुकात दर महिन्याला पैसे जमा होतात का ते बघा. पगाराच्या स्लिपा एका फोल्डरमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी दुसरी चांगली नोकरी मिळाली किंवा सरकारी नेमणूक आली तर फोन बंद करून घरी बसू नका. लेखी राजीनामा द्या, नोटीसचे दिवस भरा, हातातलं काम दुसऱ्याला समजावून द्या आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, घेऊनच बाहेर पडा. पुढच्या ठिकाणी ते पहिल्या दिवशी मागतात.